पेनल्टी दिल्यानंतरची चार मिनिटं

साताऱ्याच्या एका मुलाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. वय एकोणीस, पंच म्हणून पहिलाच हंगाम. एका मंडळाच्या रविवारच्या स्पर्धेत १३ वर्षांखालच्या मुलांची फुटबॉलची मॅच होती. शेवटी शेवटी त्याने हँडबॉलची पेनल्टी दिली. एका संघाचे प्रशिक्षक तावातावाने मैदानात आले, त्यांच्या मागोमाग दोन-तीन पालक. चार मिनिटं वाद चालला. हा समजावत राहिला, आवाज कापायला लागला, निर्णय फिरवून मोकळं व्हावं असंही क्षणभर वाटलं. शेवटी पेनल्टी झाली, पण जाताना प्रशिक्षक म्हणाले, ‘आवाज नाही, दम नाही, कशाला शिट्टी घेतोस?’ आता तो विचारतो: आत्मविश्वास कसा आणायचा? त्यांना लाल कार्ड दाखवायला हवं होतं का? त्याच संघाची मॅच पुढच्या रविवारी पुन्हा माझ्याकडे आहे, ती घेऊ की हे सोडूनच देऊ?

मी मिरजेत शाळेत पीटी शिकवते आणि सांगली, मिरज, जयसिंगपूर भागात मुलांच्या मॅचना बरीच वर्षं पंच म्हणून उभी राहतेय. वय लिहिलंयस म्हणून अरे-तुरे करते.

तू आत्मविश्वासाबद्दल विचारलंयस, पण तुझ्याच लिहिण्यात मला वेगळं दिसतं. पेनल्टी देताना तू कुठंही कचरला नाहीस. हात लागलेला दिसला, शिट्टी वाजवली, पेनल्टीच्या खुणेकडं हात केलास. बिघडलं ते त्यानंतर, कारण निर्णय दिल्यावर पुढं काय करायचं हे तुझ्याकडं ठरलेलं नव्हतं. मग ते प्रशिक्षकांनी ठरवलं. ते आत आले, तू उभा राहिलास. त्यांनी विचारलं, तू कारण सांगितलंस. ते पटलं नाही, तू दुसरं कारण सांगितलंस. दुसरं कारण आलं की बघणाऱ्याला वाटतं, पहिल्यात दम नव्हता. मंडईत भाव पाडून मागावा तसा प्रकार सुरू होतो, आणि भाव पडतोय असं दिसलं की दोरीबाहेरचे पालकही आत येतात.

म्हणून मी याचा विचार स्वभावाच्या बाजूनं करत नाही. धीट पोरंही वादात सापडली की गडबडतात आणि बुजरी पोरं नीट निभावून नेतात, हे मी दोन्ही बघितलंय. पुढची कृती माहीत असली की आवाज कापला तरी चालतो.

काही गोष्टी परिस्थितीवर आहेत, त्या आधी सांगते. नियमांच्या पुस्तकात पंचाचे अधिकार सगळीकडं सारखे आहेत, पाठबळ मात्र सारखं नसतं. क्रीडा खात्याच्या शालेय स्पर्धेत टेबलावर अधिकारी असतो, शाळेला पुढच्या वर्षी पुन्हा यायचं असतं, त्यामुळं शिक्षक एका मर्यादेत राहतात. मंडळाच्या स्पर्धेत बक्षिसाची रक्कम असते, बॅनरवर फोटो असतात, आणि आयोजक स्वतः एखाद्या संघाचा समर्थक असतो. तिथं तू एकटा पडू शकतोस. लाइनवर तटस्थ माणसं आहेत की दोन्ही संघांची एकेक, यानंही फरक पडतो. म्हणून मॅच घेण्याआधी मी आयोजकाला एकच विचारते: ‘कुणाला बाहेर काढायची वेळ आली तर ते काम तुमच्याकडून कोण करणार?’ समोरून एका माणसाचं नाव आलं तर ठीक. ‘तसं काही होत नाही हो मॅडम’ असं आलं, तर तसं होणार आहे असं समजायचं.

मॅचच्या आधीच्या अर्ध्या तासात निम्मं काम होतं. आमच्याकडं सुब्रतो मुखर्जी या शालेय फुटबॉल स्पर्धेच्या जिल्हा पातळीवरच्या मॅच पावसाळ्यात होतात. काळ्या मातीच्या ग्राउंडवर फक्की पहिल्या सरीत वाहून जाते आणि डीची, म्हणजे गोलसमोरच्या पेनल्टीच्या चौकोनाची, रेष कुठं होती यावरून पहिला वाद पेटतो. ती रेष मी पुन्हा मारून घेते. हलवता येणारे गोलपोस्ट जमिनीला पक्के बांधलेत का ते स्वतः हलवून बघते, हे नियमातही आहे आणि लहान मुलांच्या जिवाचाही प्रश्न आहे. पालकांसाठी दोरी लावून घेते, शक्य तर बेंचच्या समोरच्या बाजूला. प्रशिक्षक आणि पालक एकाच बाजूला असले की एकानं ओरडायचं आणि बाकीच्यांनी री ओढायची, हे ठरलेलं. गोलच्या मागं कुणालाच उभं करत नाही, तिथं उभा राहिलेला बाप गोलकीपरला खेळू देत नाही.

मग दोन्ही प्रशिक्षकांना एकत्र बोलावते. वेगवेगळं बोललं की दुसऱ्याला वाटतं, काहीतरी शिजतंय. बोलणं अगदी थोडं: ‘सर, मैदानात मी बोलावल्याशिवाय यायचं नाही. काही विचारायचं असेल तर कॅप्टन विचारेल. पालकांना तुम्ही आवरायचं.’ हे आधी सांगितलेलं असलं की नंतर मला नवीन काही सांगावं लागत नाही, फक्त आठवण करून द्यावी लागते. हाफटाइमला येऊन विचारा, असं मात्र मी सांगत नाही. काही जुने पंच सांगतात. माझ्या मते त्यानं प्रत्येक निर्णयाची यादी तयार होते आणि हाफटाइमला सुनावणी भरते.

आता तुझ्या आवाजाचं. माझाही आवाज बारीक आहे, ग्राउंडवर वाऱ्यात विरून जातो. त्यासाठी शिट्टी असते, पण तिला उतार-चढाव हवा. साध्या फाउलला एक छोटी फुंक. धोकादायक टॅकल असेल, पोरं एकमेकांच्या अंगावर जायला लागली असतील, तर लांब आणि कडक. चेंडू सरळ बाहेर गेला, थ्रो कुणाचा याबद्दल कुणाला शंका नाही, तिथं शिट्टीच नको, नुसता हात पुरतो. सगळीकडं सारखीच फुंकत राहिलास तर खरी गरज पडते तेव्हा ती कुणी ऐकत नाही. शिट्टी मण्याशिवायची घे. फॉक्स ४० ही पहिली प्रसिद्ध मण्याशिवायची शिट्टी १९८७ साली कॅनडात आली, आणि ती काढणारा स्वतः बास्केटबॉलचा पंच होता. ऐन मॅचमध्ये त्याच्या शिट्टीचा मणी अडकला होता. सांगलीच्या जुलैत मणी का अडकतो हे वेगळं सांगायला नको.

कार्डांचा जन्मही असाच झाला. १९६६च्या विश्वचषकात इंग्लंड आणि अर्जेंटिनाच्या मॅचमध्ये कुणाला ताकीद मिळाली, कुणाला बाहेर काढलं, यावरून मोठा गोंधळ झाला. पंच आणि खेळाडू यांची भाषा एक नव्हती. त्यानंतर केन ॲस्टन या इंग्लिश पंचाला सिग्नलच्या दिव्यांवरून ताकिदीच्या पिवळ्या आणि बाहेर काढायच्या लाल कार्डांची कल्पना सुचली आणि १९७०च्या मेक्सिको विश्वचषकात ती पहिल्यांदा वापरात आली. म्हणजे आवाज पोचत नाही, ही अडचण जगातल्या मोठ्या पंचांनाही होती. प्रशिक्षकांच्या त्या शेऱ्यातला ‘आवाज नाही’ हा भाग तू सोडून दे.

आवाजापेक्षा तू कुठं उभा होतास ते महत्त्वाचं. ते तू लिहिलेलं नाहीस, पण नवे पंच बहुतेक मधल्या वर्तुळाच्या आसपास रेंगाळतात. तिथून दिलेली पेनल्टी बरोबर असली तरी पटत नाही. दहा-बारा मीटरवरून दिलेली चुकीची असली तरी लोक निम्मे गप्प बसतात, हे खेळाचं विचित्र सत्य आहे. मुलांच्या मॅचमध्ये चेंडू मोठ्यांसारखा लांबवर जात नाही, सगळी पोरं चेंडूभोवती गोळा होतात. त्यामुळं पळालास तर जवळ राहणं अवघड नाही. हँडबॉल तर जवळूनच कळतो. चेंडू हाताला लागला की गुन्हा, असं नियमात नाही. हात मुद्दाम चेंडूकडं गेला का, किंवा हात अशा ठिकाणी होता का की शरीर विनाकारण मोठं झालं आणि त्या क्षणीच्या हालचालीनं तो तिथं असणं पटण्यासारखं नाही, हे बघायचं असतं. अकरा-बारा वर्षांचं पोर तोंडावर येणारा चेंडू बघून घाबरून हात आडवा धरतं, त्याला मी मुद्दाम म्हणत नाही. हा माझा कल झाला, दुसरा पंच वेगळं ठरवेल. पण ठरवायला ते दिसलं पाहिजे.

आता ती चार मिनिटं. तशी वेळ आली की मी काय करते ते क्रमानं सांगते.

शिट्टी, हाताची खूण, आणि लगेच त्या जागेवरून हलायचं. जिथं फाउल झाला तिथंच उभं राहिलं की सगळे तिथं गोळा होतात. मी पेनल्टीच्या खुणेकडून तिरकी बाहेर, मोकळ्या बाजूला, मागं मागं चालत जाते, पाठ कुणाकडं न करता. सगळे समोर दिसले पाहिजेत, कोण कुणाला ढकलतंय तेही. पोरं धावत आली तर तळहात छातीच्या उंचीवर पुढं आणि एकच वाक्य: ‘फक्त कॅप्टन. बाकीचे मागं.’ पंचाशी फक्त कॅप्टननं बोलावं, अशी सोय स्पर्धांना आता नियमांमध्येच दिलेली आहे, २०२५-२६ पासून. तुमच्या स्पर्धेनं ती घेतली नसली तरी असं सांगण्यापासून तुला कुणी अडवत नाही.

कॅप्टन आला की कारण एका वाक्यात: ‘हात बाजूला पसरलेला होता, चेंडू हाताला लागला, पेनल्टी.’ ‘मला वाटलं’, ‘मला दिसलं तसं’ हे शब्द नकोत. तो परत विचारेल. तेच वाक्य, त्याच आवाजात, पुन्हा. तिसऱ्यांदा विचारलं तर वाक्य नाही, घड्याळाकडं बोट आणि चेंडू ठेवायला लावायचं. तुझं चुकलं ते इथं असावं, असा माझा अंदाज आहे. तू प्रामाणिकपणे समजावत होतास. चांगल्या माणसाला वाटतं की नीट समजावलं तर समोरचा ऐकेल. पण त्या क्षणी समोरच्याला कारण नको असतं, पेनल्टी नको असते. प्रत्येक नवीन वाक्य त्याला धरायला नवीन टोक देतं. ‘कोपराच्या वर लागला’ म्हणालास की तो कोपर मोजायला लागतो.

प्रशिक्षक आत आले तर काय? नियम इथं स्पष्ट आहे. २०१९-२० पासून संघाच्या अधिकाऱ्यांनाही पिवळं आणि लाल कार्ड दाखवता येतं. पंचाला जाब विचारायला मैदानात शिरणं हा थेट लाल कार्डाचा गुन्हा आहे. म्हणजे तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: हो, दाखवता आलं असतं. पण त्याच प्रशिक्षकांशिवाय त्या तेरा वर्षांखालच्या पोरांबरोबर दुसरं मोठं माणूस होतं का? नसेल तर त्यांना बाहेर काढल्यावर पोरं कुणाच्या ताब्यात, हे आधी आयोजकाला विचारावं लागतं. मुलांच्या फुटबॉलमध्ये ही अडचण वारंवार येते. कार्ड दाखवायचं नाही, असं मी म्हणत नाही. आयोजकाला बोलावून, त्याच्यासमोर, शांतपणे दाखवायचं. आणि जाताना ते जे बोलले, तेव्हा तू अजून मैदानात असशील तर तेही तुझ्या अधिकारात येत होतं. मॅच संपल्यावर पंच मैदान सोडेपर्यंत त्याचा कार्डाचा अधिकार चालू असतो.

पण लाल कार्डापर्यंत फार कमी वेळा जावं लागतं, कारण त्याआधी पायऱ्या आहेत. पहिली पायरी खासगी. गेल्या पावसाळ्यात सांगलीत १४ वर्षांखालच्या मॅचमध्ये ऑफसाइडमुळं गोल रद्द झाला आणि एक प्रशिक्षक बाटली आपटून ओरडायला लागले, ‘आमच्याच वाट्याला कसं येतंय सगळं मॅडम!’ मी लगेच गेले नाही. पुढचा चेंडू बाहेर गेला तेव्हा त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले, त्यांच्याकडं तोंड करून नाही, दोघांचंही तोंड ग्राउंडकडं. समोरासमोर उभं राहिलं की लोकांना भांडण दिसतं, शेजारी उभं राहिलं की दोन माणसं मॅच बघताना दिसतात. हळू आवाजात म्हटलं, ‘सर, तुम्ही ओरडलात की तुमचा सात नंबर चेंडू सोडून माझ्याकडं बघतो. बघा आता.’ पुढचा थ्रो झाला आणि सात नंबर खरंच माझ्याकडंच बघत होता. ते हसले नाहीत, पण बसले. त्यांची लाज राखली गेली होती, एवढं पुरलं.

दुसरी पायरी सगळ्यांना दिसेल अशी. खेळ थांबवून, चालत जाऊन, हातानं खूण करून: ‘ही शेवटची ताकीद.’ तिसरी पिवळं. बेंचवरून कुणी बोललं ते कळलं नाही, तर कार्ड तिथल्या मुख्य प्रशिक्षकांना जातं. हे त्यांना मॅचआधी सांगून ठेवलं की बेंच बराच शांत राहतो. पिवळं दाखवताना आधी वहीत नाव किंवा नंबर लिहायचा, मग कार्ड. लिहिण्यात जे पाच-सात सेकंद जातात त्यात तुझा श्वास जागेवर येतो. धावत जाऊन कुणाच्या नाकाखाली कार्ड नाचवलंस तर तो राग झाला, आणि राग सगळ्यांना कळतो. पायऱ्या चढून जायच्या हे खरं, पण शिवी आली किंवा अंगावर हात आला तर थेट वर. तिथं पायऱ्या नाहीत.

पालकांची गोष्ट वेगळी. त्यांच्यासाठी तुझ्या खिशात कार्ड नाही. तुझ्याकडं आहे तो खेळ थांबवण्याचा, आणि गरज पडली तर मॅच रद्द करण्याचा अधिकार. म्हणून पालकाशी वाद घालायचाच नाही. चेंडू हातात घ्यायचा, आयोजकाला बोलवायचं आणि सांगायचं, ‘ते निळ्या शर्टातले गृहस्थ दोरीमागं जाईपर्यंत खेळ सुरू होणार नाही.’ मग पोरांना पाणी प्यायला सोडायचं आणि मैदानाच्या मधोमध गप्प उभं राहायचं. ही दोन मिनिटं फार लांब वाटतात. पण थांबलेल्या खेळाचा ताण आता तुझ्यावर नसतो, त्या माणसावर असतो. बाकीचे पालक घड्याळ बघायला लागतात, कुणीतरी त्या गृहस्थांचा दंड धरून त्यांना मागं नेतो. मी आजवर सगळ्यात जास्त वेळा वापरलेलं हत्यार हेच आहे आणि यात मला एक शब्दही बोलावा लागत नाही.

आपल्या भागातली एक खास अडचण पुस्तकात सापडणार नाही. सांगली काय, सातारा काय, सगळे सगळ्यांना ओळखतात. समोरचे प्रशिक्षक तुला सहावीत पीटीला असतील, पालक तुझ्या वडिलांचे बँकेतले सोबती असतील. मैदानात आल्या आल्या म्हणतात, ‘अरे, तू अमक्याचा पोरगा ना?’ ते प्रेमानं म्हणत असतीलही, पण त्या वाक्यानं तू पंच राहत नाहीस, पोरगा होतोस. मी मुलांना सांगते, ओळख नाकारायची नाही. ‘हो काका. मॅच झाल्यावर बोलू.’ बस. एकोणीस वर्षांच्या पोरानं पन्नाशीच्या माणसाला ‘मागं हो’ म्हणणं आपल्याकडं कुणालाच रुचत नाही, आणि त्या बोलण्यावरून मूळ विषय सोडून दुसरंच भांडण सुरू होतं. ‘काका, दोरीच्या मागं या, म्हणजे सुरू करतो’ यात मान आहे आणि सवलत काहीच नाही. अहो-जाहो करत, सर म्हणत, नमस्कार करून सुद्धा लाल कार्ड दाखवता येतं. मला स्वतःला ‘बाईला काय ऑफसाइड कळतंय’ हे दोरीबाहेरून ऐकावं लागतं, त्याला मी उत्तर देत नाही. पण तेच बेंचवरून आलं तर वहीत जातं.

पोरांशी मात्र वेगळं वागायचं. बारा वर्षांचं पोर ‘ओ रेफ्री, काय बघताय’ म्हणतं तेव्हा ते बऱ्याचदा बाकावरून ऐकलेलं परत बोलत असतं. तास-दीड तासावर कोल्हापूर आहे, तिथल्या पेठांच्या मॅच पोरं मोबाइलवर बघतात, त्यातले गोल उचलतात तसे हातवारेही उचलतात. त्याला नंबरानं हाक मार, जवळ बोलाव, हळू सांग. पिवळं कार्ड शेवटी. स्पर्धेनं परवानगी दिलेली असेल तर थोडा वेळ बाहेर बसवणं सगळ्यात उत्तम. मुलांच्या फुटबॉलसाठी नियमांत ही सोय आहे, एकूण वेळेच्या दहा ते पंधरा टक्के. तीस मिनिटांच्या मॅचला तीन ते साडेचार मिनिटं. पोर बाहेर बसतं, रडतं, पाणी पितं, परत येऊन खेळतं. नुसत्या कार्डानं जे होत नाही ते यानं होतं. पण स्पर्धेच्या नियमात नसेल तर आपल्या मनानं सुरू करायचं नाही.

निर्णय फिरवावासा वाटला, असं लिहिलंयस. फिरवता येतो, फक्त खेळ पुन्हा सुरू होण्याआधी, आणि तुला स्वतःला चूक कळली किंवा लाइनवरच्या पंचानं काही वेगळं पाहिलं असेल तर. तसं असेल तर लगेच, एकदाच, दोन्ही कॅप्टनना बोलावून सांगायचं. ओरडा वाढला म्हणून फिरवला, तर पुढच्या मॅचला ओरडा दुप्पट होणार, आणि तो तुझ्यावरच नाही, तुझ्यानंतर येणाऱ्या पंचावरही. याहून वाईट म्हणजे भरपाई. एक पेनल्टी कडक दिली असं वाटतं, मग दुसऱ्या बाजूला एखादी हलकी देऊन हिशेब बरोबर करायचा मोह होतो. अनेक चांगले पंच यात सापडतात. आता दोन चुका झाल्या, आणि दोन्ही संघ नाराज. ज्यांना दुसरी मिळाली त्यांनाही कळतं की ती दया होती. पहिली चूक असेल तर तिला तिथंच राहू दे, पुढचा चेंडू नव्यानं बघ.

मॅच संपल्यावर घाईनं गाडीकडं पळायचं नाही आणि उगाच रेंगाळायचंही नाही. दोन्ही संघांशी हात मिळव, आयोजकाच्या टेबलाशी जा, तिथं बसून वही पूर्ण कर. वातावरण तापलेलं असेल तर एकटा बाहेर पडू नकोस, संध्याकाळी कोरेगावच्या किंवा वाईच्या रस्त्याला एकट्यानं गाडी काढायची तर अजिबातच नाही. कुणी अंगावर हात टाकला तर मॅच तिथंच संपली. तेव्हा शूरपणा करायचा नाही, आयोजकाला सांगायचं, लागलं तर पोलिसांत जायचं. पंचांना त्रास फक्त आपल्याकडं होतो असंही नाही. इंग्लंडमध्ये २०२३ साली स्थानिक हौशी मॅचमध्ये पंचांच्या छातीवर कॅमेरे लावून बघितले, कारण तिथंही पंचांच्या अंगावर जाण्याचे प्रकार थांबत नव्हते.

रिपोर्ट त्याच रात्री लिही. ‘प्रशिक्षक अत्यंत उद्धटपणे वागले आणि त्यांनी माझा अपमान केला’ असं लिहिलंस तर वाचणारा म्हणेल, पोरगा चिडलाय. असं लिही: ‘दुसऱ्या हाफच्या १३व्या मिनिटाला पेनल्टी दिल्यावर अमुक संघाचे प्रशिक्षक परवानगीशिवाय डीपर्यंत आले. सोबत तीन पालक होते. खेळ चार मिनिटं थांबला. मॅच संपल्यावर ते म्हणाले,’ आणि मग त्यांचे शब्द जसेच्या तसे. विशेषण एकही नको. आयोजकाला जे करायचं ते तो करेल किंवा करणार नाही, ते तुझ्या हातात नाही. पण कागद झाला की तू त्या भांडणातला एक पक्ष राहत नाहीस.

सराव कसा करायचा, तर थोडा वेडगळ वाटेल असा. वरची तीन-चार वाक्यं, ‘फक्त कॅप्टन’, ‘मॅच झाल्यावर बोलू’, ‘दोरीमागं जाईपर्यंत सुरू होणार नाही’, घरी गच्चीवर मोठ्यानं म्हण. मित्राला समोर उभा करून त्याला तोंडाला येईल ते ओरडू दे. पहिल्यांदा हसू येईल. तोंडाला ती वाक्यं बसली की खऱ्या वेळी शोधावी लागत नाहीत. आणि काही रविवार मोठ्या पंचाबरोबर लाइनवर उभा राहा. मधला माणूस कुठं चालतो, कधी गप्प बसतो, हे तिथून जितकं दिसतं तितकं दोरीबाहेरून दिसत नाही.

राहिला पुढचा रविवार. सोडू नकोस असं मी सरसकट म्हणणार नाही. आयोजक कुणाला आवरायला उभाच राहणार नसेल, तर ती मॅच नाकारण्यात काही कमीपणा नाही. तो उभा राहणार असेल तर घे. दोरी लावून घे, लाइनवर एक तरी ओळखीचा पंच माग. प्रशिक्षकांशी नाणेफेकीआधी स्वतः जाऊन हात मिळव, मागच्या मॅचचा विषय तू काढू नकोस. त्यांनी काढला तर ‘रिपोर्ट दिलाय सर, आजचं बघू’ एवढंच म्हण आणि कॅप्टनना बोलाव.